अमावस्येला बैल जुंपत नाहीत, मग ट्रॅक्टरचं काय?

धुऱ्यावरची_बाभूळ | 6 जून, रात्री 9.20

आज अमावस्या होती, उद्या मृग लागतो. दुपारी वावरात रोटावेटर चालू होता आणि मी धुऱ्यावर बसून पाहत होतो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे, म्हणून हा धागा.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कपाशी, सोयाबीन, तूर. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी उभ्या जन्मात अमावस्येला बैल जुंपला नाही. बंडीलाही नाही. लग्नाचं वऱ्हाड न्यायचं असलं तरी शेजाऱ्याची बंडी मागून आणायची, आपली जोडी कोठ्यातच राहायची. मी बारावीत असतानाची गोष्ट. दोन चांगले पाऊस होऊन वाफसा आलेला, आभाळ पुन्हा भरून येत होतं, अख्खं गाव तिफणी घेऊन वावरात. आणि नेमकी अमावस्या. शेजाऱ्यानं दिवसभरात चार एकर उरकलं, आमचे बैल कडबा चघळत बसले. रात्री झड लागली ती पाच दिवस. आमची पेरणी दहा दिवस मागं पडली आणि दिवाळीत त्याचा हिशेब समजला. मी चिडून बाबांना म्हटलं, हे काय खूळ आहे? ते विडीची राख झटकत म्हणाले, "बैलाले कॅलेंडर वाचता येते काय? त्याची सुट्टी कोन पाहीन मंग?"

तसे ते फार देवभोळे नव्हते. पंढरपूरला कधी गेले नाहीत, घरात पोथी नाही, मारुतीच्या पारावर बसायचे ते पेपर वाचायला. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करताना त्यांच्याकडं पाहण्यासारखं असायचं. हळद आणि लोणी कालवून बैलाच्या खांद्यावर जू घासून पडलेल्या घट्ट्यावर ते इतकं हळू चोळायचे, की आम्हा पोरांना कधी ताप आला तरी तेवढ्या हळुवारपणे त्यांचा हात कपाळावर यायचा नाही. मग पळसाच्या पानानं शेकत बैलाच्या कानात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैल सुटला की सालदारही, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडीही, सुटायचा. अमावस्येला आमचा सालदार दाढी करून, धुतलेला सदरा घालून बाजाराला नाहीतर बहिणीच्या गावी जायचा. सालाचा आकडा अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ठरलेला, त्यातून तो दिवस कापायचा प्रश्नच नव्हता.

पाच वर्षांपूर्वी जोडी विकली, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला अमावस्या नाही. डिझेल असलं की चालतो. आमच्या घरात "आजपासून अमावस्या मानायची नाही" असं कुणी ठरवलं नाही, कुणी बोललंही नाही. ती आपोआप गळून पडली. आज ड्रायव्हर सकाळी सहाला चढला, दुपारी ट्रॅक्टरच्याच सावलीत डबा खाल्ला, पुन्हा चढला. त्याच्या पाठीवरचा दुपट्टा घामानं काळा पडलेला. बाबा असते आणि बैल असते, तर आज हा माणूस घरी असता.

मी स्वतः अमावस्या-पौर्णिमा मानत नाही. पण माझ्या न मानण्यामुळं माझ्याच वावरात एक माणूस महिन्यातला एक दिवस जास्त राबतो, हे आज पहिल्यांदा दिसलं.

तर तुम्हीही सांगा. देव आहे की नाही यावर आधीच पुष्कळ धागे पेटलेले आहेत, ते तिकडंच पेटू द्या. तुम्ही जे काही मानता किंवा मानायचं सोडलं, त्यापायी रोजच्या जगण्यात नेमकं काय करता, काय करत नाही, आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढंच.

---

ठेचा_भाकर | 6 जून, रात्री 9.41

ते सारं ठीक आहे भाऊ, रोटावेटरचा तासाचा काय भाव चालू आहे तिकडं?

---

धुऱ्यावरची_बाभूळ | 6 जून, रात्री 9.50

हजाराच्या आतबाहेर. विषयावर या.

---

पुण्यात_अडकलेला_वर्धेकर | 6 जून, रात्री 11.05

लेख छान, पण यात गोड आठवणींचा वास येतो. अमावस्येमागं बैलांची दया होती, हे आपण आता मागून चिकटवलेलं कारण आहे. मूळ भीतीच होती. अवसेला काही केलं तर बिघडतं, ही.

आणि सुट्टी कुणाला? आमच्याही घरी अमावस्येला बैल सुटायचे, सालदार सुटायचा. आजी सुटायची नाही. गडी घरी म्हणून त्या दिवशी हटकून पुरण. म्हणजे तिचं काम दुप्पट. चुलीपुढं पाटा-वरवंटा घेऊन बसलेली आजी मला अजून दिसते. तिच्या कमरेची अमावस्या कुणी पाळली?

माणसाला सुट्टी द्यायची तर ती कायद्यानं आणि पगारी द्या. त्यासाठी चंद्राकडं कशाला पाहायचं?

---

धुऱ्यावरची_बाभूळ | 7 जून, सकाळी 6.15

वर्धेकर, पुरणाचं बोललात ते थेट लागलं. मी आत्ताच आईला विचारलं, अमावस्येला तुला काय वाटायचं? ती म्हणाली, "वाटाले वेळ होता काय?"

मूळ भीती असेलही. पण भीतीपोटी का होईना, बैल बसून राहायचा ना?

---

वाफसा | 7 जून, दुपारी 2.30

मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करतो. या विषयावर बोलायचा मला अधिकारच आहे, कारण जून महिन्यात माझी अर्धी नोकरी लोकांच्या श्रद्धेशी वाटाघाटी करण्यात जाते.

आमचं सांगणं साधं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. यात कुणाचंही भविष्य नाही. जमीन तेवढी भिजली की मधे खंड पडला तरी कोंब तग धरतो. पण मृगाची ओढ जबर. "मिरग साधला पाहिजे" हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकतो. आणि खरं सांगू, ते नुसतं खूळ नाही. वेळेवर पेरलेली तूर-कपाशी जोमात येते हे पिढ्यांनी पाहिलेलं आहे. गडबड अशी, की मृगाचा पहिला पाऊस पुष्कळदा वादळी, गडगडाटी, एका गावात धो धो तर दुसऱ्यात धूळ. त्यावर पेरलं आणि पंधरा दिवस आभाळ कोरडं गेलं की दुबार. बियाण्याचे पैसे दोनदा, सावकाराची पायरीही दोनदा.

आता भेंडवळ. बाहेरच्यांसाठी सांगतो. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. अक्षय तृतीयेला तिथल्या शेतात घट मांडतात. गोल आखून कडेनं 18 प्रकारचं धान्य, मधे खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, त्यावर पापड, भजं, कुरडई, विड्याचं पान. रात्रभर तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं धान्य कुठं सरकलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं यावरून पाऊस, पीक, राजा, सगळ्याचं भाकीत. ही परंपरा तीनशेहून जास्त वर्षांची सांगतात. अंनिसवाले त्यावर टीका करतात, टीव्हीवाले दोघांनाही दाखवतात, आणि कृषी केंद्रात "भेंडवळनं कपाशी चांगली सांगितली" म्हणत बियाण्याची पाकिटं उचलली जातात.

माझा स्वतःचा बाप त्यातला. पोरगा खात्यात, आणि बाप मला फोन करून विचारतो, "भेंडवळचं काय आलं?" मी चिडतो, मग बातमी शोधून वाचून दाखवतो.

एक प्रसंग मात्र विसरत नाही. घरचं सोयाबीन पेरायचं तर उगवणशक्ती तपासा म्हणून आम्ही मागं लागतो. ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्याभरानं उघडून मोजायचे. 70 उगवले तर बियाणं ठीक. एका म्हाताऱ्या कास्तकाराकडं गुंडाळी उघडायला गेलो. त्यानं आधी गोणपाटाला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती फिरवली, मग हात जोडून म्हणाला, "आता मोजा साहेब." 58 निघाले. मी म्हटलं, एकरी 30 किलोच्या जागी 36 टाकावं लागेल. त्यानं नातवाला तो आकडा कोठ्याच्या दारावर खडूनं लिहायला लावला आणि तेवढंच टाकलं. त्याची उदबत्ती मला आडवी आली नाही. आडवा येतो तो जीन्स घातलेला, मोबाइलवर पावसाचे चार-चार ॲप ठेवणारा पोरगा, जो म्हणतो, "साहेब, मोजून काय होते, आपलं नशीब असंन तसं."

---

ठेचा_भाकर | 7 जून, दुपारी 3.02

घ्या, भेंडवळच्या आधीच तुम्ही आमच्या घरचं भविष्य सांगतलं. तो जीन्सवाला म्याच.

---

ओसरी | 8 जून, रात्री 8.10

दंडवत.

आमचं घर महानुभाव, गाव मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरपासून जवळ. परमेश्वराखेरीज दुसऱ्या देवतेला हात जोडायचा नाही, अभक्ष्य खायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. गावात मारुतीचा पार आहे, त्यावर आम्ही बसतो, गप्पा करतो, पण शेपटीला शेंदूर लागला की बाजूला होतो. गावाला ते माहीत आहे. सप्त्याची वर्गणी आम्ही देतो, पंगतीला वाढायला उभे राहतो, जेवायला घरी येतो. कुणाला राग नाही.

पाचवीत असताना शाळेची सहल शेगावला गेली. सगळी पोरं दर्शनाच्या रांगेत, मी बाहेर चपला राखत बसलो. चाळीस जोड मोजून झाले, मग परत मोजले. सरांना काय वाटलं कोण जाणे, ते माझ्यासाठी पानात झुणका-भाकर घेऊन आले. प्रचंड भूक लागलेली, पण हा प्रसाद की जेवण? मी खाल्लं नाही, दप्तरात बांधून घरी आणलं. बाबांनी पुडी उघडली, सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ विचार करून निकाल दिला, "प्रसाद म्हणून नको. सरांनी दिलेलं जेवण म्हणून खा." तोवर भाकर चिवट आणि झुणका आंबूस झाला होता. मी सगळा खाल्ला.

आज माझा मुलगा मित्रांबरोबर गणपतीत नाचतो, मोदक खातो. मी काही बोलत नाही. बाबांसारखा निकाल देता येत नाही, एवढं मात्र खरं.

---

निळी_शाई | 9 जून, रात्री 10.30

दोन दिवस लिहू की नको करत होते. धागाकर्त्यांनी मनापासून लिहिलंय, म्हणून मीही तसंच लिहिते. राग मानू नका.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. मी शाळेत शिकवते. तुमचा बैल अमावस्येला सुटायचा, सालदार सुटायचा. माझ्या आज्याच्या वाट्याला अमावस्या आली नाही, कारण ढोरं त्याच्या वाट्याला यायची ती मेल्यावर. बैल मेला की निरोप यायचा. मग अवस असो, दिवाळी असो, ताप असो, दोर घेऊन जायचं आणि ओढून गावाबाहेर न्यायचं. ज्या खांद्याला हळद-लोणी लागायचं तो खांदाही शेवटी आमच्याच हाती यायचा. ही पण श्रद्धाच होती, सगळ्या गावाची. कुणी काय ओढायचं ते देवानं ठरवून दिलंय, ही.

14 ऑक्टोबर 1956. आजा-आजी नागपूरला गेले. पांढरे कपडे घालून या असं सांगितलेलं. आजीकडं पांढरं लुगडं नव्हतं. तिनं धुऊन धुऊन रंग उडालेलं एक काढलं आणि रात्रभर सोड्यात भिजवून ठेवलं. बाबासाहेब तिला लांबून, डोक्यांच्या फटीतून दिसले, पण 22 प्रतिज्ञा तिनं सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हटल्या. परत आल्यावर देव्हारा टोपल्यात घालून वणा नदीत सोडला.

इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडं सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. थंडीत मालकाचा बैल मेला. निरोप आला. आजा दारात आला आणि म्हणाला, "आता आम्ही ओढत नाही." मालक स्वतः आला, तरी तेच. बैल दोन दिवस तिथंच पडून राहिला. शेवटी मालकाच्याच गड्यांनी ओढला. त्यानंतर गावात आज्याला कुणी काम दिलं नाही. कापसाची वेचणी चालू होती, हात कमी पडत होते, तरी आजीला बोलावलं नाही. पिठाच्या डब्याचा तळ दिसायला लागला तसा आजा हिंगणघाटला जिनिंगमध्ये लागला आणि बिऱ्हाड तिकडं गेलं. रुईच्या धुळीनं त्याला जन्माचा खोकला लागला. शाळा जवळ होती म्हणून बाबा शिकले.

धागाकर्त्यांनी विचारलं ना, किंमत कोण मोजतं? आमच्याकडं ज्यानं मानणं बदललं त्यानंच मोजली, तीही रोख.

आणि आजीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. देव सोडले, उपास सोडले, मढीमसणीचं सोडलं. पण आम्हा नातवंडांची दृष्ट ती शेवटपर्यंत काढायची. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत. आजा खवळायचा, हे का बाबासाहेबांनी सांगितलं का? ती शांतपणे म्हणायची, "हे देवाचं नाही. हे मिरचीचं आहे."

---

धुऱ्यावरची_बाभूळ | 9 जून, रात्री 11.15

ताई, राग कसला. आमच्याकडं बैल मेला की कोण न्यायचं, हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. "घेऊन गेले" एवढंच ऐकलेलं.

---

पुण्यात_अडकलेला_वर्धेकर | 10 जून, सकाळी 7.45

निळी शाई, धन्यवाद. आमच्याच वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर 1928 साली जमनालाल बजाजांनी सगळ्यांना खुलं केलं, ते आम्ही छाती फुगवून सांगतो. तुमच्या आज्यानं मागितलं होतं ते देवळाचं दार नव्हतंच, हे तुमचं लिहिणं वाचताना जाणवलं.

---

रातपाळी | 12 जून, पहाटे 4.50

ड्यूटीवर आहे, पेशंट झोपलाय, म्हणून लिहिते. वाशीम जिल्ह्यात उपकेंद्रावर आणि आता प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळून अठरा वर्षं सिस्टर म्हणून काढली.

पाऊस सुरू झाला की आमच्याकडं साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार विषारी ओळखायचे. यातली मण्यार मला सगळ्यात वाईट वाटते. रात्री येते, खाली झोपलेल्याला चावते, दुखतही नाही. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं काही झालं.

तीन वर्षांपूर्वी एका पोराला असंच पहाटे चारला आणलं. रात्री बारालाच चावलं होतं. मधले चार तास गावातल्या बाबाकडं. कडुनिंबाचा पाला चावायला दिला, कडू लागतो का विचारलं. कडू लागला म्हणजे विष नाही, असा हिशेब. पोरगा म्हणाला, कडू आहे. मग घरी आणून झोपवला. आमच्याकडं आला तेव्हा मान सावरत नव्हती. लस चालू केली, जिल्ह्याला पाठवला, सहा दिवस मशीनवर होता. वाचला.

मी रागानं त्या बाबाच्या घरी गेले. वाटलं होतं, जटा, कवट्या, पैशाची थाळी. होता एक साधा म्हातारा, ओसरीत मुगाच्या शेंगा सोलत बसलेला. एक रुपया घेत नाही. घेतला तर मंत्र उतरतो, असं मानतो. रात्री-बेरात्री बोलावलं की उपाशीपोटी उठून जातो. स्वतःच्या लेकाच्या लग्नात हळद चालू असताना बोलावणं आलं तर उठून गेला. मी त्याला म्हटलं, तुमच्याकडं आलेल्या दहांतले सात-आठ बरे होतात, कारण त्यांना चावलेला साप बिनविषारी असतो. कधी विषारी सापही कोरडा चावतो. ते तुमच्याशिवायही बरे झाले असते. उरलेल्यांचं काय? तो बराच वेळ शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "जे गेले त्याईची नावं मले सारी पाठ आहेत, बाई."

आता आमचं असं ठरलंय. बोलावणं आलं की तो आधी 108 ला फोन लावायला सांगतो. मग गाडीत पेशंटशेजारी बसून मंत्र म्हणत येतो. पेशंट घाबरत नाही, हालचाल करत नाही, आणि बाबा कुणाला दंड करकचून बांधू देत नाही. मला एवढं पुरतं.

---

पुण्यात_अडकलेला_वर्धेकर | 12 जून, सकाळी 9.30

सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठं तो कायदा झाला. तुम्ही त्या बाबाला गाडीत बसवून उलट मान दिलात. उद्या त्याचा नातू गादी चालवणार.

---

रातपाळी | 12 जून, रात्री 8.20

कायदा माहीत आहे, केंद्रात त्याचं पोस्टर मीच लावलंय. आता तो रोखत नाही, आणतो. पोलीस ठाणं 22 किलोमीटरवर आहे, बाबा तीन घरं सोडून. मण्यार कुणाकडं आधी पोचू देते ते तुम्ही सांगा.

नातवाचं म्हणाल तर तो डी.फार्म करतोय. आजोबाचा मंत्र शिकायला नको म्हणाला, बाबाला त्याचं फार वाईट वाटतं.

आणि बायकांचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून सांगते. भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आधी आठवडाभर माझ्याकडं बाया येतात. पाळी पुढं ढकलायची गोळी. सोळा भाज्या, आंबील, सोवळं, घरात करणारी ती एकटी, आणि नेमकी तारीख आडवी. कुणाला रक्तदाब, कुणाला आधीच अंगावर जाण्याचा त्रास. नको म्हटलं तर मेडिकलमधून घेतात. मागच्या साली एकीला म्हटलं, देवीलाही कळतं की, तीही बाईच आहे. ती म्हणाली, "देवीले कळते सिस्टर, सासूले नाही कळत."

---

ठेचा_भाकर | 13 जून, रात्री 9.15

आता मीही खरं सांगतो. आमच्या घरी नवसाचं बोकड. मले नोकरी लागली तर कापीन म्हणून मायनं बोललेलं. नोकरी लागली. म्या म्हटलं, माय, गाडगेबाबा आपल्या जिल्ह्यातले, शेणगावचे. त्याईनं पोरीच्या बारशाले मटण-दारू बंद करून गोड जेवण घातलं, सारा जन्म कीर्तनात हेच सांगतलं, कोंबडी-बकरी कापू नका, कर्ज काढून पंगती उठवू नका. आपण बी रोडगे-वांग्याची भाजी करू.

माय म्हणे, "बाबा गेले 1956 ले. नवस म्या बोलला गेल्या साली."

शेवटी रोडगेच झाले. सव्वाशे माणूस जेवलं. मामा मात्र रुसून पंगतीतून उठला, आणि बोकड अजून कोठ्यात आहे. मायनं त्याच्या गळ्यात घंटी बांधली. पाहुणा आला की त्याले पाहून म्हणते, "याचं उधार राह्यलं आहे." मले रात्री बोकड बें केलं की झोप येत नाही. तर ह्याची किंमत कोन मोजते? मी मोजतो, चाऱ्याची.

---

वाफसा | 22 जून, रात्री 9.00

धागा थंड झाला म्हणून विचारतो, कुणाकडं किती पाऊस? आमच्या मंडळात आजपर्यंत 68. "अजून सात मिलिमीटर थांबा" म्हटलं की लोक माझ्याकडं असे पाहतात, जणू ते सात माझ्या खिशात आहेत.

---

ओसरी | 22 जून, रात्री 9.25

आमच्याकडं चांगला. संत्र्याचा ताण (बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी) तोडायची घाई चालू आहे.

---

धुऱ्यावरची_बाभूळ | 6 जुलै, सकाळी 7.10

काल अमावस्या झाली. म्हणून परत आलो.

परवा संध्याकाळी ड्रायव्हरला सांगितलं, उद्या येऊ नको, अमावस्या आहे, आराम कर. मला वाटलं खूश होईल. तो गोंधळून पाहत राहिला. म्हणाला, "काही चुकलं काय भाऊ?" मग मी बाबा, बैल, सालदार, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, अमावस्या तुमची, हप्ता माहा. मोटारसायकलचा 7 तारखेले कटते. खाडा झाला तर मी कोठून भरू?"

महिनाभर जे डोक्यात घोळत होतं त्यात हे आलंच नव्हतं. आमचा सालदार बसून राहायचा तो सालाच्या पैशावर. हा रोजानं येतो. बाबांची अमावस्या मी जशीच्या तशी उचलून याच्यावर ठेवली असती तर ती सुट्टी न होता उपास झाली असती. वर्धेकर, तुम्ही पहिल्याच दिवशी "पगारी द्या" म्हटलं होतं, ते मी वाचून सोडून दिलं.

मग रोज देऊन टाकला आणि म्हटलं, आता तरी बस. तो बसला. पण पलीकडच्या एका कास्तकाराची तीन एकर तूर-सोयाबीन माझ्याच ट्रॅक्टरवर ठरलेली. उशीर आधीच झालेला, आभाळ भरून आलेलं. त्याचे सकाळपासून पाच फोन. त्याला अमावस्या सांगायची सोय नव्हती, त्याची पेरणी मी कुठल्या तोंडानं अडवू? शेवटी मीच चढलो. पेरणी यंत्र मी आयुष्यात दोनदाच चालवलंय. धुऱ्याकडं पाहून चालवायचं असतं, मी मागं बियाणं पडतंय का तेच पाहत राहिलो. तासं अशी वाकडी गेली की बैलसुद्धा हसला असता. आता तीन-चार दिवसांत उगवलं की सगळ्या गावाला दिसणार, आणि वावर नेमकं डांबरी रस्त्याला लागून.

आईनं काल पुरण केलं नाही. मी सांगितलं नव्हतं, तिनंच केलं नाही. पिठलं-भात झाला.

संध्याकाळी ड्रायव्हर मुलीला घेऊन बाजारातून येताना भेटला. दाढी केलेली. त्यानं तासं पाहिली, काही बोलला नाही, फक्त विचारलं, "4 ऑगस्टले पन असंच काय भाऊ?" मी म्हटलं, पाहू.

---

ठेचा_भाकर | 6 जुलै, सकाळी 7.22

उगवलं की फोटो टाका.